लाल डगला, ठासणीची बंदूक आणि थकलेला पगार

तोडेदार (धागाकर्ता)

मंडळी, पानिपतच्या धाग्यावर परवा कुणीतरी सहज लिहून गेलं की इंग्रज म्हणजे निव्वळ मूर्ख. लालभडक डगले घालून, सरळ रांगेत उभे राहून गोळ्या खायचे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं असं की त्यांच्या तेव्हाच्या बंदुकीच्या हिशेबाने तो डगला आणि ती रांग दोन्ही शहाणपणाचे होते.

आधी बंदूक. इंग्रजांची 'ब्राउन बेस' १७२० च्या दशकापासून पुढे शंभरेक वर्षं थोड्याफार फरकाने तीच राहिली. नळीचा व्यास पाऊण इंच, आत पेच नाहीत, नुसती गुळगुळीत नळी. गोळी मुद्दाम नळीपेक्षा बारीक ओतलेली, कारण चार-सहा बार झाले की नळीत जळक्या दारूचा थर बसतो आणि घट्ट गोळी खालपर्यंत जातच नाही. म्हणजे उडताना गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येणार आणि शेवटची टक्कर जिकडे ढकलेल तिकडे जाणार. शंभर पावलांवरचा ठरावीक माणूस टिपणं हा नशिबाचा भाग होता. मागे नेम धरायची खाचसुद्धा नसायची, पुढचा बारीक खुंट तेवढा, आणि तोही संगीन अडकवायच्या कामाचा. इंग्रजी कवायतीत 'नेम धरा' असा हुकूमच नव्हता; बंदूक समोर धरा आणि उडवा, बस्स.

असल्या बंदुकीने एकट्यादुकट्याने लढण्यात अर्थ नाही. शे-दोनशे नळ्या एकदम सुटल्या तर समोर काहीतरी पडणारच. म्हणून रांग, म्हणून खांद्याला खांदा, म्हणून कवाईत.

आता डगला. काळ्या दारूचा धूर पांढरा, दाट आणि रेंगाळणारा. वारा नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फैरीनंतर पन्नास पावलांवरचं दिसत नाही. अशात सेनापतीला टेकडीवरून आपली पलटण कुठली हे कळायला हवं, आणि शिपायाला शेजारी आपलाच आहे हे. लपून बसण्याचा प्रश्नच नव्हता, ओळखू येण्याचा होता. पण लालच का? १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नवी फौज उभारली तेव्हा ती लाल कपड्यात उभी केली, आणि मंजिष्ठाच्या मुळांचा लाल रंग स्वस्त पडायचा. साहेब लोकांच्या अंगावरचा झगझगीत किरमिजी वेगळा. तो किड्यांपासून काढलेला आणि महाग. जवळून पाहिलं तर साध्या शिपायाचा डगला विटकरीकडे झुकलेला असायचा.

बोला आता.

फुटका_नगारा

लाल एवढ्यासाठी की रक्त लागलं तरी दिसू नये. आम्हाला शाळेत गुरुजींनी सांगितलंय, तेव्हा वाद नको. :)

तोडेदार

गुरुजींना दंडवत, पण खाली पांढरी विजार आणि छातीवर पांढरे पट्टे होते हे ते विसरले. शिवाय रक्त वाळलं की काळपट पडतं, लाल कापडावरही डाग दिसतोच. फ्रेंच राजाची फौज पांढऱ्यात होती, ऑस्ट्रियाची पांढऱ्यात, प्रशियाची निळ्यात, रशियाची हिरव्यात. त्यांना काय रक्त दाखवायची हौस होती?

कोरी_पाटी

छान माहिती, वाचनखूण साठवली आहे. बाळबोध प्रश्न: एक बार भरायला नेमका किती वेळ लागायचा? सिनेमात तर धाडधाड उडवतात.

रंजकदाणी

पाटीताई, तरबेज शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढायचा. तेही कवायतीच्या मैदानावर. लढाईत, धुरात, हात थरथरत असताना कमीच.

एक बार कसा भरतात ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. कमरेच्या चामडी पेटीतून कागदी काडतूस काढायचं. त्याचं टोक दातांनी फाडायचं. या एका कृतीसाठी समोरचे दात शाबूत असणं भरतीच्या वेळी बघत. फाडताना थोडी दारू तोंडात जातेच. तिच्यात सोरा असतो, खारट लागते, आणि दहा-बारा बारांनंतर घशाला अशी कोरड पडते की लढाईच्या वर्णनांतून शिपाई पाण्यासाठी कासावीस झालेले दिसतात. मग चापाखालच्या छोट्या वाटीत चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, टाकायची, झाकण लावायचं. बंदूक उभी करायची, उरलेली दारू नळीत ओतायची, मागून कागदासकट गोळी. नळीखालचा गज ओढायचा, ठासायचं, गज परत जागेवर. चाप पूर्ण मागे, बंदूक खांद्याला, आणि दाब.

एवढं सगळं करून बार सुटेलच याची खात्री नाही. गारगोटी बोथट झाली, ठिणगी पडली नाही, रंजक भुर्रकन पेटली पण कान्यात (वाटीतून नळीत जाणाऱ्या भोकात) काजळी साचल्यामुळे आग आत पोचलीच नाही. त्या गदारोळात आपला बार उडाला की नाही हेही शिपायाला कळत नसे. तो पुन्हा काडतूस फोडून वर दुसरा बार ठासायचा. काहीजण घाईत गज नळीतच विसरत आणि तोच समोर भिरकावला जाई. मग बाकी लढाईभर हातात नुसता संगिनीचा भाला.

गज आधी लाकडी असायचा आणि घाईत मोडायचा. प्रशियाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी गज आणला आणि त्यांच्या फैरी इतरांपेक्षा जलद होऊ लागल्या. एवढीशी सुधारणा, पण तिने लढाया फिरल्या.

सांडणीस्वार

वा! यात एक भर. आपल्याकडची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायची, बंदूक या विलायती चापाच्या बंदुकीपेक्षा मारायला कमी नव्हती. नळी लांब, पल्ला बऱ्याचदा जास्त, नेमही बरा. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच हे नोंदवून ठेवलंय. अडचण वेगळी. प्रत्येकाच्या हातात पेटलेली जामगी (वात) आणि कमरेला उघडी दारू. खांद्याला खांदा लावून उभे राहाल तर शेजाऱ्याच्या ठिणगीने तुमची कंबर उडायची. म्हणून तोडेदारांना अंतर राखून उभं राहावं लागे. चापाच्या बंदुकीने ते अंतर मिटवलं. त्याच लांबीच्या रांगेत दुप्पट नळ्या मावू लागल्या.

आणि संगीन. सुरुवातीची संगीन नळीच्या तोंडात बुचासारखी खुपसत, म्हणजे ती लावली की बार बंद. १६८९ मध्ये स्कॉटलंडात किलीक्रँकीला सरकारी फौज संगिनी खुपसतच राहिली आणि डोंगरी लोक तलवारी घेऊन अंगावर आले. पुढे नळीभोवती कडं बसवून बाजूला पातं काढलं. संगीन लागलेली असताना गोळीही झाडता येऊ लागली आणि भालाईत ठेवायची गरज संपली.

हुजरात

हे सगळं ठीक आहे हो. पण मूळ मुद्द्यावर या. आपण या विलायती कवायतीच्या नादी लागलो तिथेच घात झाला. आपलं बळ घोड्यात. रसद तोडायची, दमवायचं, पावसाळ्यात गाठायचं. ते सोडून पलटणी उभ्या केल्या, तोफा ओढत बसलो, आणि शत्रूला जी लढाई हवी तीच त्याला दिली. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांसाठी, म्हणजे कवायती पायदळासाठी, भाऊसाहेबांनी गोलाची लढाई (सगळी फौज गोल बांधून पुढे सरकायची) मांडली आणि बाकी घोडदळाला ती झेपली नाही.

यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये इंग्रज कर्नल मॉन्सनची काय गत केली आठवा. मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत त्याला पावसाचिखलात हाकलत नेला. तोफा चिखलात रुतल्या, त्या खिळे ठोकून टाकून द्याव्या लागल्या. दारू भिजली की तुमची ती ब्राउन बेस म्हणजे काठी.

फुटका_नगारा

हुजरात आले, आता धागा दोनशे पार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांडणीस्वार

हुजरात, मॉन्सनचं उदाहरण जबरदस्त आहे, ते मान्यच. पण ते पुरतं सांगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज सेनापती लेकने फर्रुखाबादेजवळ रात्रभर दौड मारून होळकरांच्या त्याच घोडदळाला भल्या पहाटे झोपेत गाठलं. घोडदळ पळवणारं असतं तसं पळणारंही असतं.

आता पलटणींचं. हा माझा आवडता विषय, तेव्हा थोडं लांबेल.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइनला नोकरीत घेतला. हा फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सव्हॉयचा माणूस, फ्रेंचांकडे, रशियनांकडे, मग मद्रासेत कंपनीकडे नोकऱ्या करून आलेला. सुरुवात दोन पलटणींनी. १७८७ ला लालसोटला महादजी अडचणीत आले ते का, हे बघण्यासारखं आहे. बादशाही चाकरीतल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. त्यांचा पगार थकला होता. बंदुका त्याच, कवाईतही थोडीफार तीच, पण रोजमुरा मिळत नव्हता.

महादजींनी यातून घेतलेला धडा मला त्यांच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. १७९० मध्ये द बॉइनचा कंपू (कवायती फौज) दहा पलटणींचा केला आणि त्याच्या खर्चासाठी दुआबातली जहागीर थेट त्याच्याच ताब्यात दिली. वसूल तिथूनच, पगार तिथूनच, मधे कुणी कारकून नाही की सावकार नाही. शिपायाला पैसे वेळेवर मिळू लागले. जखमी झाला तर जखमेच्या मानाने रक्कम, कायमचा पंगू झाला तर निर्वाहाची सोय. आग्र्याला बंदुका-तोफांचा कारखाना, तो सँग्स्टर नावाच्या स्कॉटच्या देखरेखीखाली. तेलंग्यांच्या (विलायती पद्धतीच्या शिपायांच्या) पलटणींना चापाच्या बंदुका आणि संगिनी, नजीबांच्या पलटणींकडे तोड्याच्या बंदुका.

त्याच वर्षी राजपुतान्यात दोन लढाया झाल्या, जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता. मेडत्याला एका अधिकाऱ्याने हुकमाशिवाय पलटणी पुढे नेल्या आणि राठोडांच्या घोडदळाने त्यांना कापलं. मग ते घोडदळ मुख्य फळीवर आलं. द बॉइनने पोकळ चौकोन बांधला: चारी बाजूंना तोंड करून शिपाई, पहिल्या रांगेच्या संगिनी पुढे, मधे निशाण. राठोड पुन्हापुन्हा चालून आले. त्या काळच्या हिंदुस्थानात त्यांच्यापेक्षा निधडे घोडेस्वार शोधून सापडले नसते. पण घोडा संगिनींच्या भिंतीवर उडी घेत नाही, तो बाजूला वळतो, आणि वळताना त्याची बरगडी बंदुकीसमोर येते. तीन वर्षांपूर्वी पगारासाठी फुटणारं पायदळ आणि हे पायदळ एकाच मुलखातल्या माणसांचं होतं, हे ध्यानात घ्या.

१८०३ ला इंग्रजांशी असईच्या लढाईत हेच पायदळ हरलं हे खरं. पण कसं हरलं? इंग्रज सेनापती वेलस्ली केळणा नदी ओलांडून बगलेवर आला, तर शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पोलमन याने ती सगळी लांबलचक रांग जागच्या जागी फिरवून त्याच्यासमोर उभी केली. गोळ्यांखाली असा मोहरा फिरवणं हे कच्च्या फौजेचं काम नव्हे. वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं त्या दिवशी मेली किंवा जायबंदी झाली. त्याच वर्षीच्या लासवारीच्या लढाईनंतर लेकने लिहिलं की या पलटणींवर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती. अधिकारी का नव्हते? कंपनीने जाहीरनामा काढून, आमच्याकडे या, तुमची सोय लावतो म्हणत ते आधीच फोडले होते. द बॉइननंतर या पलटणींचा प्रमुख झालेला पेराँ खुद्द सप्टेंबरातच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पलटणी उभ्या करणं ही चूक नव्हती. त्यांचं डोकं भाड्याने आणलेलं ठेवलं, ती होती.

हुजरात

वाचलं. भाड्याचं डोकं ही चूक तर मी म्हणतोय त्याच्याच अंगाने जाते. आपल्या घोडदळाला डोकं भाड्याने आणावं लागत नव्हतं.

सांडणीस्वार

ते शिलेदाराचं घोडदळ. घोडा त्याचा स्वतःचा, मेला तर नुकसान त्याचं. तो तोफेच्या तोंडी घोडा घालताना दोनदा विचार करणार आणि त्यात काही गैर नाही. बारगिराचा घोडा सरकारी, पण पेशवाईत बारगीर कमी आणि शिलेदार जास्त होत गेले. तुम्ही ज्या जोराची आठवण काढताय तो जोरही मुळात सरकारी पागेचा होता.

तोडेदार

इथे मला गणवेशाकडे परत यायचंय, कारण दोघांच्याही बोलण्यात तोच आहे. शिलेदार आपल्या पैशाने घोडा, तलवार, बंडी घेऊन येतो. त्याचा पोशाख त्याच्या ऐपतीप्रमाणे. सगळ्यांच्या अंगावर एकसारखा डगला दिसला की समजावं, इथे कुणीतरी घाऊक कापड घेतंय, शिवतंय आणि त्याचा हिशेब ठेवतंय.

तो कुणीतरी धर्मादाय करत होता असं मात्र नाही. इंग्लंडात रेजिमेंटचा कर्नल शिपायांच्या पगारातून कपड्याचे पैसे कापून घेई आणि स्वस्तात कपडे करून उरलेला पैसा खिशात घाली. हे राजरोस चालायचं, पार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. कंपनीची तऱ्हा तर आणखी मजेदार. इंग्लंडचं जाडंभरडं लोकरी कापड या हवेत कोण घेणार? ते खपता खपत नव्हतं. शिपायांच्या अंगावर लाल डगला चढवला की रुबाबही आला आणि कापडही खपलं. क्लाइव्हने जानेवारी १७५७ मध्ये बंगालात पहिली देशी पलटण उभी केली, तिला लोक 'लाल पलटण' म्हणूनच ओळखायचे.

बंदुकीतही तेच. कंपनीने आपल्या फौजेसाठी जरा आखूड नळीची, सोपी, स्वस्त ब्राउन बेस बनवून घेतली. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध पेटलं, बंदुका कमी पडल्या, तेव्हा खुद्द राजाच्या सैन्याने कंपनीचा साठा उचलला आणि १७९७ पासून तोच नमुना आपला म्हणून स्वीकारला. नेपोलियनशी इंग्रज लढले ते बहुतांशी या 'इंडिया पॅटर्न' बंदुकीने.

कोरी_पाटी

पण आपल्या उन्हात लोकरीचा डगला? कसे राहत असतील?

रंजकदाणी

वर डगला, खाली बरेच दिवस गुडघ्यावरची आखूड चड्डी, पायात चपला किंवा काहीच नाही, डोक्याला पगडीचा प्रकार. जुन्या चित्रांत हे ध्यान बघायला मिळतं. कमरेच्या वर विलायत, खाली मुलूख आपला. गोऱ्या शिपायाची अवस्था खरं तर वाईट. गळ्याभोवती ताठ चामड्याचा पट्टा, मान खाली झुकूच नये म्हणून. पट्टे रोज पांढऱ्या मातीने सारवायचे, पितळ घासायचं. बूट डावा-उजवा असा नसे, दोन्ही एकाच साच्याचे. झीज सारखी व्हावी म्हणून पाय बदलून घालायला लावत. केसांची वेणी आणि पावडर १८०८ पर्यंत चालू होती.

पोशाखावरून आपल्याकडे रक्त सांडलंय हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. वेल्लोर, १० जुलै १८०६. मद्रास फौजेत त्याआधी नवे नियम आले होते: कवायतीत कपाळावर गंध नको, कानात बाळ्या नकोत, दाढी नको, मिश्या एका मापाच्या, आणि जुन्या पगडीऐवजी चामड्याचा तुरा लावलेली नवी टोपीवजा पगडी. चामडं कुठल्या जनावराचं हा प्रश्न हिंदूलाही पडला आणि मुसलमानालाही. तक्रार करणाऱ्यांना फटके मारले. त्यानंतर वेल्लोरच्या किल्ल्यात पहाटेच्या आधी शिपाई उठले आणि गोऱ्या ६९व्या रेजिमेंटच्या शंभरावर लोकांना मारलं. अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन आला आणि त्याने त्याहून भयंकर सूड उगवला. टिपूची मुलं त्याच किल्ल्यात नजरकैदेत होती, त्यामुळे कट त्यांचा असं म्हणणारेही होते. पण नवे नियम मागे घेतले गेले आणि सेनापती क्रॅडॉक, गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावलं, यावरून कंपनीने काय ओळखलं ते दिसतं.

फुटका_नगारा

अवांतर: नेपोलियनची फौज रशियात थंडीने कथलाची बटणं भुगा झाल्यामुळे हरली म्हणे. विजार धरू की बंदूक! हे तरी खरं आहे का, की गुरुजींसारखंच?

तोडेदार

गुरुजींसारखंच. कथील थंडीत ठिसूळ होतं हे खरं, पण त्याला ते बरंच शुद्ध लागतं आणि वेळही खूप लागतो. माघारीच्या थोड्या आठवड्यांत कोटच्या कोट उघडे पडले हे पटण्यासारखं नाही. विल्नियसला २००१ मध्ये त्या माघारीतल्या शिपायांची मोठी सामूहिक कबर सापडली. त्यातले लोक कुठकुठल्या रेजिमेंटचे हे ओळखायला उपयोग झाला तो रेजिमेंटचे क्रमांक असलेल्या बटणांचाच. बटणं टिकली, माणसं गेली, आणि ती भूक, थंडी नि टायफसने.

नेपोलियन आणि कपडे म्हटलं तर दुसरीच गोष्ट जास्त गमतीची. त्याच्या शिपायांचा कोट निळा, म्हणजे नीळ हवी. इंग्रजांनी समुद्र अडवल्यावर नीळ महागली. १८०६ मध्ये त्याने काही पलटणींना पुन्हा जुन्या राजाच्या काळचे पांढरे कोट घालायचं फर्मान काढलं. वर्षभरात ते गुंडाळावं लागलं.

कोरी_पाटी

शेवटचा प्रश्न. रंजकदाणी म्हणाल्या की काडतूस दातांनीच फाडायचे. मग शंभर वर्षं शिपाई दातांनी फाडतच होते ना? १८५७ लाच का एवढं पेटलं?

रंजकदाणी

कारण काडतूस बदललं. ब्राउन बेसची गोळी नळीत सैल बसायची, तिला वंगण लागतच नसे. काडतूस म्हणजे कोरडा कागद, दारू आणि शिसं. एन्फील्ड ही नवी बंदूक आली ती आत पेच असलेली, गोळी घट्ट बसणारी. ती आत सरकायची तर कागदाला स्निग्ध काहीतरी फासणं भाग. म्हणजे तोंडात जाणारा जो कागद आजोबांच्या वेळेपासून निरुपद्रवी होता तोच एकाएकी चरबीचा झाल्याची बातमी आली. पुढे दातांऐवजी बोटांनी फाडा असा बदल कवायतीत केला, पण तोवर संशय पसरला होता, आणि हाताने फाडायला सांगतात म्हणजे आत नक्कीच काहीतरी आहे, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

हुजरात

एन्फील्डसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो. आणि सांडणीस्वार, फर्रुखाबादचं उत्तर माझ्याकडे आहे. होळकरांचं पायदळ आणि तोफा तेव्हा दीगला अडकून पडल्या होत्या, म्हणून घोडदळ एकटं सापडलं. रात्री सविस्तर लिहितो.

सांडणीस्वार

लिहा. पण पायदळ सोबत नव्हतं म्हणून घोडदळ मार खाऊन गेलं, हे वाक्य तुम्ही लिहिलंय, मी नाही.